दहा मीटर बँड मुका वाटतो तेव्हा

अंबड औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या आणि नुकताच हॅम (हौशी रेडिओ) परवाना मिळालेल्या एका गृहस्थांनी प्रश्न विचारला आहे. सिडकोतील तीन मजली घराच्या गच्चीवर त्यांनी दहा मीटर बँडसाठी (२८ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींसाठी) इन्व्हर्टेड व्ही डायपोल, म्हणजे उलट्या व्ही आकाराची तारेची अँटेना, बांधला आहे आणि त्यांच्याकडे १०० वॅटपर्यंतचा ट्रान्सीव्हर (संकेत पाठवणारा आणि घेणारा सेट) आहे. तीन आठवडे रोज रात्री नऊ ते अकरा या वेळात २८.४०० मेगाहर्ट्झवर सीक्यू (‘कोणी ऐकत आहे का’ अशी सर्वांना हाक) पुकारूनही त्यांना एकही उत्तर मिळालेले नाही. पुण्यातील मित्रालाही त्यांचा आवाज पोहोचला नाही. सेट बिघडला आहे, अँटेना चुकली आहे, की सरळ यागी (एका दिशेला जोर देणारी अँटेना) आणि ॲम्प्लिफायर (शक्ती वाढवणारे यंत्र) घ्यावा, असे ते विचारतात.

तुमच्या वर्णनात सेट किंवा अँटेना बिघडल्याची एकही खूण मला दिसत नाही. एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते याचे माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.६ आहे, रिसीव्हरमध्ये खरखर ऐकू येते आणि अँटेनाची केबल काढली की ती खरखर कमी होते, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे रिसीव्हर आणि अँटेना आपापले काम करत आहेत. तुम्ही निवडलेली वेळ या बँडच्या झोपेची आहे, आणि ज्या मित्राकडून खात्री करून घेतलीत तो नेमका अशा अंतरावर आहे की जिथे हा बँड पोहोचतच नाही. म्हणून यंत्रसामग्रीपेक्षा आधी कधी, कोणत्या दिशेला आणि कशाच्या आधाराने ऐकायचे हे ठरवायला हवे. ते कळले की काय विकत घ्यायचे आणि काय नाही, हे तुम्हाला आपोआप समजेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. तुम्ही कोणत्या महिन्यात प्रयत्न केलात ते लिहिलेले नाही, आणि या बँडवर मे आणि ऑक्टोबर हे जणू दोन वेगळे देश आहेत. सौरचक्राचा, म्हणजे सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढउताराचा, टप्पाही महत्त्वाचा आहे. सध्याचे २५ वे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि सूर्य कमाल क्रियाशीलतेच्या काळात पोहोचल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले. चक्राचा उतार चढापेक्षा संथ असतो, त्यामुळे शिखर सरल्यावरही काही वर्षे चांगले दिवस मिळतात. २००८-०९ च्या मंदीत सूर्यावर कितीतरी दिवस एकही डाग नसे आणि मी आठवडेच्या आठवडे २८ मेगाहर्ट्झवर फक्त खरखर ऐकली आहे. तुमच्या वाट्याला तसा काळ आलेला नाही, ही जमेची बाजू आहे.

हा बँड इतका लहरी का, हे थोडे समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आपल्या लहरी दूर जातात त्या आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागातील) एफ-२ थरावरून वाकून परत येतात म्हणून. एखादी वारंवारता त्याच कोनातून परतवायला लागणारी इलेक्ट्रॉनांची घनता त्या वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २८ मेगाहर्ट्झ ही ७ मेगाहर्ट्झच्या चौपट, म्हणून घनता सोळापट लागते. चाळीस मीटर बँड (७ मेगाहर्ट्झ) रोज काही ना काही देतो आणि दहा मीटर कधी भरभरून देतो तर कधी काहीच देत नाही, याचे मूळ इथे आहे. सरळ वर सोडलेली जास्तीत जास्त जी वारंवारता थर परत पाठवतो, तिच्या साधारण तिप्पट वारंवारता अगदी कमी कोनातून गेल्यास परत येऊ शकते. म्हणजे डोक्यावरचा थर १० मेगाहर्ट्झ परतवत असेल, तर २८ मेगाहर्ट्झ जेमतेम वाकेल, आणि तेही क्षितिजालगत निघालेल्या लहरींपुरतेच. अशी लहर एका उडीत चार हजार किलोमीटरपर्यंत जाते, पण पहिल्या दीड-दोन हजार किलोमीटरच्या पट्ट्यात ती जमिनीवर उतरतच नाही. पुणे नाशिकपासून सरळ रेषेत सुमारे १६५ किलोमीटर आहे. जमिनीलगतची लहर तिथपर्यंत पोहोचण्याआधीच क्षीण होते आणि आकाशातून येणारी लहर पुण्याच्या डोक्यावरून पुढे निघून जाते. तेव्हा पुण्याच्या मित्राला आवाज न येणे हे बँड बंद असल्याचे लक्षण मानू नका. त्याच मिनिटाला हाँगकाँगमध्ये कोणी तुम्हाला ऐकत असेल.

नाशिकच्या भूगोलाचा आपल्याला एक लाभ आहे, ज्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. केरळात थुंबा येथे अग्निबाणतळ उभारण्याचे कारण तेच होते, आणि तेथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण सुटला. दिवसा या रेषेवरचे आयन वर उचलले जातात आणि कारंज्याच्या पाण्यासारखे उत्तर-दक्षिणेस उतरतात, त्यामुळे चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण पंधरा अंशांवर दाट पट्टे तयार होतात. अहमदाबाद उत्तरेकडच्या पट्ट्याच्या माथ्याजवळ येते, आणि नाशिक त्याच्या किंचित दक्षिणेला. म्हणून मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या संपातांच्या (दिवस-रात्र समान असण्याच्या काळाच्या) आसपास, दुपार उलटल्यापासून सूर्यास्तानंतर काही वेळापर्यंत, आपल्याला दक्षिणेकडचा जो मार्ग मिळतो तो मध्य युरोपातल्या हॅमला मिळत नाही. मॉरिशस, रियुनियन, पूर्व आफ्रिका आणि कधी पश्चिम ऑस्ट्रेलिया अशा वेळी स्पष्ट ऐकू येतात. रात्रीकडे झुकणाऱ्या या संपर्कांत आवाज थरथरतो, पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. नवीन माणूस त्याला सेटचा दोष समजून पुढे सरकतो. तसे करू नका, तिथेच थांबा.

आता तुमच्या पाळ्यांविषयी. तुम्ही रात्रीची वेळ निवडलीत ती कामातून मोकळे झाल्यावर, हे मी समजू शकतो, पण सूर्य मावळल्यावर एफ-२ थर विरळ होत जातो आणि नऊनंतर या बँडवर क्वचितच काही उरते. दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात सकाळ मोकळी असते. सूर्योदयानंतर तास-दोन तासांनी, साधारण आठ ते अकराच्या दरम्यान, पूर्वेकडे ऐका. जपान, पूर्व आशिया आणि ऑस्ट्रेलिया या वेळी मिळतात. पहिली पाळी असेल तेव्हा साडेतीनला घरी पोहोचताच युरोप, पश्चिम आशिया आणि आफ्रिकेची वेळ सुरू असते, ती दिवेलागणीपर्यंत टिकते. उत्तर अमेरिका आपल्यासाठी कठीण आहे. वाट ध्रुवाकडच्या प्रदेशातून जाते आणि सौर शिखराच्या काळात, बहुधा संध्याकाळी सहा ते साडेआठच्या दरम्यान, पूर्व किनाऱ्यावरचे कोणी मिळाले तर ती पर्वणी समजावी. हिवाळ्यात दिवसाची घनता उन्हाळ्यापेक्षा चांगली असते, म्हणून ऑक्टोबर ते मार्च हा तुमचा मुख्य हंगाम धरा.

मे ते ऑगस्टमध्ये दुसराच खेळ चालतो. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर, एफ-२ च्या खालच्या ई थरात अचानक दाट ढग तयार होतात. ते मिनिटांत येतात आणि तासाभरात विरतातही. एका उडीत ते साधारण दोन हजार किलोमीटरपर्यंतची स्थानके जोडतात. एरवी या बँडवर कधी न मिळणारे दिल्ली आणि कोलकाता तेव्हा शेजारी असल्यासारखे येतात. या ढगांचे भाकीत करता येत नाही, तिथे फक्त हजेरी उपयोगी पडते.

सगळ्यांत अधिक वेळ द्यावा असे मी ज्याला म्हणेन ते म्हणजे बीकन, ठरलेल्या वेळी आपोआप संकेत पाठवणारी स्थानके. २८.२०० मेगाहर्ट्झवर जगभरातील अठरा बीकनांची एक साखळी आहे. प्रत्येक बीकन दहा सेकंद बोलतो आणि तीन मिनिटांत फेरी पूर्ण होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आधी मोर्समध्ये कॉलसाइन (स्थानकाची ओळखीची अक्षरे) येतो, मग एकेका सेकंदाच्या चार लांब शिट्ट्या येतात: पहिली १०० वॅटची, दुसरी १० वॅटची, तिसरी १ वॅटची आणि चौथी ०.१ वॅटची. रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा, म्हणजे खालच्या श्रेणीचा, परवाना घेताना मोर्सची परीक्षा नसते, तुम्हाला मोर्स येत नसेल तरी हरकत नाही, कारण फेरी घड्याळाशी बांधलेली आहे. तास सुरू झाल्यापासून १ मिनिट ३० सेकंदांनी पर्थजवळचा बीकन, १ मिनिट ४० सेकंदांनी जपान, २ मिनिटांनी हाँगकाँग, २ मिनिटे १० सेकंदांनी कोलंबो, २ मिनिटे २० सेकंदांनी दक्षिण आफ्रिका, २ मिनिटे ३० सेकंदांनी केनिया, २ मिनिटे ४० सेकंदांनी इस्रायल आणि २ मिनिटे ५० सेकंदांनी फिनलंड. त्यानंतर हाच क्रम दर तीन मिनिटांनी चालतो. भिंतीवरचे घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवा, सेट यूएसबी (अप्पर साइडबँड) पद्धतीवर ठेवून २८.१९९ लावा, म्हणजे बीकन एक किलोहर्ट्झच्या शिट्टीसारखा ऐकू येईल. एखादा बीकन दुरुस्तीसाठी बंदही असू शकतो, म्हणून एकाच्या मौनावरून निष्कर्ष काढू नका.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, कोणता बीकन आणि कितवी शिट्टी शेवटची ऐकू आली, एवढेच लिहा. शिट्ट्यांचा हा हिशेब फार बोलका आहे. हाँगकाँगची १ वॅटची शिट्टी तुम्हाला ऐकू येत असेल, तर त्या वाटेवर तुमच्या सेटची शक्ती गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आहे. १०० वॅटवरून ४०० वॅटवर जाण्याने फक्त सहा डेसिबल मिळतात, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर जेमतेम एक एस-पॉइंट (संकेताच्या जोराची एक पायरी). १०० वॅटच्या शिट्टीपासून १ वॅटच्या शिट्टीपर्यंतची उतरण वीस डेसिबलची आहे. ॲम्प्लिफायरचा विचार मनात आला की ही वही उघडून पाहावी.

कोलंबोचा बीकन नाशिककरांसाठी विशेष उपयोगाचा आहे. तो आपल्यापासून सुमारे सोळाशे किलोमीटरवर, म्हणजे बहुतेक वेळा लहर जिथे उतरत नाही त्या पट्ट्यात आहे. तो अचानक जोरात येऊ लागला, तर एक तर ई थरात ढग आला आहे किंवा एफ-२ थर नेहमीपेक्षा फारच दाट झाला आहे. दोन्ही प्रसंगी जेवण अर्धवट ठेवून सेटजवळ बसावे, असे माझे मत आहे.

या वहीने मला काय दिले ते सांगतो. एका मार्च-एप्रिलमध्ये मी सलग संध्याकाळच्या नोंदी करत होतो. साडेसहानंतर पूर्वेकडचे सगळे बीकन गप्प होत, पण केनियाची तिसरी शिट्टी रोज ऐकू येई. त्याच वेळी २८.३०० च्या वर, म्हणजे आवाजी संपर्कांच्या भागात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही माणूस बोलत नसे. कोणीही डायल फिरवून पाहिली असती तर बँड बंद आहे असेच म्हटले असते. मी डायपोलवर ५० वॅटने सीक्यू पुकारला आणि चौथ्या हाकेला रियुनियनहून उत्तर आले. त्या स्थानकचालकानेही तासभर शांतताच ऐकली होती. बँड उघडा होता, बोलायला मात्र कोणी नव्हते, कारण सगळेच एकमेकांची वाट पाहत बसले होते. त्या संध्याकाळपासून मी फक्त डायल फिरवून बँडची परीक्षा करणे सोडले.

सौर आकड्यांचे काय, असेही तुम्ही विचारले आहे. सौर फ्लक्स, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचा जोर, हा १०.७ सेंटीमीटर तरंगलांबीवर मोजला जातो. मंदीत तो ७० च्या आसपास असतो आणि शिखरावर २०० च्या वर जातो. माझ्या अनुभवात १२० च्या वर काही दिवस सलग राहिला की दहा मीटर नियमित उघडू लागतो. एका दिवसाच्या उडीपेक्षा आठवड्याची सरासरी अधिक विश्वासार्ह आहे. के निर्देशांक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचे माप, ० ते ९ असतो. तो ५ किंवा वर गेला की उत्तरेकडच्या, ध्रुवाजवळून जाणाऱ्या वाटा बिघडतात, पण दक्षिणेकडच्या वाटेवर त्याचा परिणाम तेवढा सरळ नसतो, म्हणून अशा दिवशीही मी सेट बंद ठेवत नाही. या मोजमापांशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती, आणि मुंबईच्या ट्राम विजेवर धावू लागणार म्हणून चुंबकीय मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले. आकडे जरूर पाहा, पण ते हवामानाच्या अंदाजासारखे आहेत. पाऊस पडतो आहे का हे शेवटी खिडकीबाहेर पाहूनच कळते, आणि तुमची खिडकी २८.२०० आहे.

अँटेनाकडे येऊ. २८.४ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल जेमतेम पाच मीटरचा, प्रत्येक बाजू अडीच मीटरची. इतकी लहान अँटेना उंच चढवणे सोपे आहे, हे या बँडचे मोठे सुख आहे. जमिनीपासून अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे सुमारे सव्वापाच मीटरवर, डायपोलचे मुख्य विकिरण तीस अंशांच्या कोनात जाते. उंची दुप्पट केली की ते पंधरा अंशांजवळ उतरते, आणि दूरच्या संपर्कांना तोच कोन हवा असतो. तुमची तीन मजली इमारत ही उंची फुकट देते आहे. गच्चीच्या स्लॅबमधील सळ्यांमुळे आणि पाण्याच्या टाक्यांमुळे थोडा फरक पडेल, म्हणून अँटेनाचा मध्य गच्चीपासून आणखी चार-पाच मीटर वर न्या आणि दोन्ही टोके टाकी व सोलर हीटरच्या पत्र्यापासून दूर ठेवा. इन्व्हर्टेड व्ही उलगडून सरळ डायपोल करता आला तर तारेच्या काटकोनातील दिशा थोड्या अधिक ठळक होतात. तार उत्तर-दक्षिण बांधलीत तर पूर्व आणि पश्चिम मिळतील, पूर्व-पश्चिम बांधलीत तर दक्षिणेचा संध्याकाळचा मार्ग. मी दोन खांबांऐवजी तीन खांब रोवून महिन्याप्रमाणे टोक बदलत असे.

पश्चिमेला सह्याद्री आडवा येतो का, ही शंकाही तुम्ही मांडली आहे. हिशेब करून पाहा. नाशिक सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे, अंजनेरी आणि ब्रह्मगिरी १,३०० मीटरच्या थोडे खाली. वीस-पंचवीस किलोमीटरवरून त्यांचा उंचावलेला कोन दोन अंशांपेक्षाही कमी भरतो. ते तुमच्या युरोपच्या वाटेत येत नाहीत. पांडवलेण्यांच्या डोंगराला अगदी खेटून घर असते तर त्या एका दिशेपुरती गोष्ट वेगळी होती.

केबल मात्र तपासा. पंचवीस मीटर आरजी-५८ या पातळ केबलमध्ये या वारंवारतेला सुमारे दोन डेसिबल जातात. तेवढ्यासाठी लगेच खर्च करण्याची गरज नाही, पण पावसाळ्यात जोडणीत पाणी शिरले की हानी कितीतरी वाढते, आणि एसडब्ल्यूआर उलट अधिक चांगला दिसू लागतो, त्यामुळे फसगत होते. त्याहून महत्त्वाचा आहे घरातील गोंगाट. सेट बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच पाच मिनिटे बंद करून ऐका. माझ्या घरी एलईडी दिव्यांच्या एका स्वस्त माळेने आणि शेजारच्या मोबाइल चार्जरने मिळून दोन एस-पॉइंटांचा गोंगाट केला होता. तो गेल्यावर जे ऐकू येऊ लागले, ते कोणत्याही ॲम्प्लिफायरने दिले नसते. यागी चांगलीच असते, माझ्याकडेही आहे, पण एक हंगाम डायपोल आणि वही यांवर काढल्याशिवाय ती कोणत्या दिशेला किती उपयोगी पडेल हे तुम्हाला कळणार नाही.

पहिला महिना असा घालवा: पाळीप्रमाणे सकाळ किंवा दुपार निवडा, रोज किमान दोन फेऱ्या, म्हणजे सहा मिनिटे, बीकन ऐकून नोंद करा, आणि एखादा बीकन दिसला की त्याच दिशेचा विचार करून पुकारा. संगणक जोडता येत असेल तर २८.०७४ वर एफटी-८ ही संगणकाने संकेत पाठवण्याची पद्धत सुरू करा. माणसाच्या कानाला न कळणारे संकेतही त्यात उकलतात, आणि तुमचा संकेत कोणकोणत्या देशांत पोहोचला हे पीएसके रिपोर्टर या संकेतस्थळाच्या नकाशावर काही मिनिटांत दिसते. तुमची अँटेना चालते की नाही या शंकेचा निकाल एका दुपारी लागेल. मला स्वतःला आवाजी संपर्क अधिक आवडतो, पण शिकण्यासाठी एफटी-८ इतका प्रामाणिक आरसा दुसरा नाही. मग डिसेंबरचा दुसरा पूर्ण शनिवार-रविवार मोकळा ठेवा. एआरआरएल या अमेरिकी हॅम संघटनेची दहा मीटर स्पर्धा तेव्हा असते आणि एरवी रिकामा वाटणारा बँड माणसांनी भरून जातो. स्पर्धक तुमचा कॉलसाइन, सिग्नल अहवाल आणि अनुक्रमांक एवढेच विचारतात, त्यामुळे बोलायला काय बोलावे हा संकोच उरत नाही.

मे आणि जूनमध्ये ई थराच्या ढगांची वाट पाहताना एक काळजी घ्या. वळवाची गडगडाट सुरू झाली की सेट फक्त बंद करणे पुरेसे नाही. केबल सेटपासून सोडवून तिचे टोक खिडकीबाहेर ठेवा, आणि आकाश निवळून अर्धा तास होईपर्यंत ती पुन्हा जोडू नका.